सामाईक खळं

धाकट्याच्या टाचा गुळगुळीत झाल्या होत्या. थोरल्याच्या ते ध्यानात आलं तेव्हा धाकटा खळ्याच्या कडेला उकिडवा बसून एका स्कूटरच्या चाकाखाली विटेचा तुकडा सरकवत होता. चपला बाजूला काढलेल्या. टाचांना एकही भेग नव्हती. थोरल्याच्या टाचांतल्या भेगांत पेरणीची माती अजून होती, ती धुऊन निघण्याच्या पलीकडे गेली होती.

"दादा, चहा घेतोस?" धाकट्यानं मागं न बघता विचारलं. त्यानं सावली ओळखली होती.

"चहाला नाही आलो. गहू कापणीला आलाय. खळं लागेल मला."

धाकट्यानं आता मान वळवली. "खळं? कशाला?"

"खळं कशाला लागतं? मळणीला."

"मशीन नाही का आणणार? दरवर्षी बांधावरच..."

"यंदा नाही आणणार. बैलांनी मळणार आहे." थोरल्यानं नजर खळ्यावरून फिरवली. रांगेनं दुचाक्या उभ्या होत्या, आरसे एका दिशेनं वळलेले, काही सीटांवर उन्हासाठी पोती टाकलेली. "सामाईक आहे म्हणून सांगून ठेवतो."

पलीकडं लिंबाखाली धाकट्याची बायको, धाकटी, प्लास्टिकच्या खुर्चीत बसून शेंगा सोलत होती. तिनं सगळं ऐकलं. सोलायची मात्र थांबली नाही. थोरल्याला खुर्चीचा राग आला. बाईमाणूस सकाळी खुर्चीत बसतं, समोर नुसत्या गाड्या उभ्या असतात, आणि घर चालतं.

वाटणी झाली तेव्हा थोरल्यानं विहिरीजवळची काळी जमीन मागून घेतली होती. धाकट्याच्या वाट्याला रस्त्याकडचं घर, घरापुढचं खडकाळ खळं आणि माळाची एक पट्टी आली. धाकटीनं तेव्हा जेवण सोडलं होतं, आणि ते कानावर आल्यावर थोरल्याला आतून बरं वाटलं होतं. वडिलांनी खाटेवर पडल्यापडल्या एवढंच म्हटलं होतं, की खळं धाकट्याचं असलं तरी मळणीपुरतं दोघांचं. कागदावर ते कुठं नव्हतं. दोघांनी मान डोलावली होती, तेवढाच त्याला आधार.

मग रस्ता रुंद झाला. शहराकडे जाणाऱ्या जलद बसचा थांबा बरोबर खळ्यासमोर आला. माळांवर एकसारखी घरं उठली, त्यांच्या मागं इमारती. तिथली माणसं सकाळी ओले केस घेऊन गाडीवर यायची, गाडी धाकट्याच्या हवाली करायची, बसमध्ये चढायची आणि अंधार पडता पडता उतरायची. सुरुवातीला एकजण आला होता, "काका, तासभर गाडी लावू का?" म्हणून. आता खळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती.

थोरल्याची लेकही त्याच बसनं जायची. शहरात एका प्रयोगशाळेत कामाला होती. तिची स्कूटर काकाच्या खळ्यात, ती सुद्धा लिंबाच्या सावलीत, राखून ठेवलेल्या जागी. संध्याकाळी बसमधून उतरली की ती आधी काकूकडे बसायची. घरी येईपर्यंत तिचं सांगण्यासारखं सगळं सांगून झालेलं असायचं. धाकट्याला मूलबाळ नव्हतं. त्या एका गोष्टीत आपण वर आहोत असं थोरल्यानं कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण धरून मात्र ठेवलं होतं. आता तेही हातातून सुटत चाललं होतं.

*

"मशीनवाल्याला नाही म्हणालात?" थोरलीनं विळा दगडावर घासता घासता विचारलं.

"म्हणालो."

"का?"

"मशीननं दाणा फुटतो."

"इतकी वर्षं फुटत नव्हता वाटतं." तिनं धार अंगठ्यावर पाहिली. "आणि बैल? आपल्याकडं एक आहे, तोही म्हातारा. का तुम्ही स्वतः जुंपून घेणार त्याच्या शेजारी?"

"दुसरा मागून आणतो."

"आणा. बैल मागून आणा, कष्ट माझ्याकडून आणा. भांडण तेवढं घरचं आहे."

दोघांनी मिळून गहू कापला. थोरली पुढं, तो मागं. तिची कंबर दुपारनंतर सरळ होत नसे, ती तशीच वाकून पेंढ्या बांधी. बाजूच्या शेतात कोणीच नव्हतं. त्या शेतात आता रंगीत झेंडे लावलेले खांब होते आणि मोजून पाडलेले चौकोन. वाऱ्यानं झेंडे फडफडले की बैल कान टवकारी.

सोमवारी पहाटे थोरला खळ्यात गेला. धाकट्यानं अर्धं खळं मोकळं करून ठेवलं होतं. उरलेल्या अर्ध्यात दोर ताणून गाड्या दाटीवाटीनं लावायची तयारी केली होती.

"अर्ध्यात बैल कसे फिरतील?"

"गहू किती आहे दादा? अर्धं पुरेल."

"बैलाला वळायला लागतं. स्कूटर नाही ती, उचलून फिरवायला."

धाकट्यानं दोर गुंडाळला.  "बरं," म्हणाला. "पण चार दिवसांत उरकेल ना? पुढच्या वळणावर त्या बिल्डरनं पत्र्याची शेड टाकलीय गाड्यांसाठी. लोक एकदा तिकडं लावायला लागले की परत येणार नाहीत. सावली आहे तिकडं, पक्की फरशी आहे."

"उरकायचं माझ्या हातात आहे का? मळणी माझ्या हातात. उफणणी वाऱ्याच्या हातात."

हे त्यानं सहज म्हटलं, पण म्हटल्यावर त्याच्या मनात ते घोळत राहिलं.

सकाळी गाड्या आल्या. धाकटा रस्त्यावर उभा राहून एकेकाला हात जोडत होता. "चार दिवस फक्त साहेब. भावाची मळणी आहे." थोरला खळ्यात गुडघ्यांवर बसून जमीन दुरुस्त करत होता. गाड्यांच्या स्टँडनी जागोजाग भोकं पाडली होती. तेलाचे काळे डाग पार खाली मुरले होते. ते त्यानं खुरप्यानं खरवडून काढले, भोकं चिखलानं बुजवली, सगळं चोपून शेणानं सारवलं. तेलाच्या जागी सारवण धरेना, वाळलं की पापुद्रा निघून येई. त्यानं तिथं तीनतीनदा हात फिरवला. मधोमध खुंटा ठोकला.

*

बैलांना गोल फिरायची सवय राहिली नव्हती. मागून आणलेला बैल तरुण होता, गाडीला चालणारा. तो सरळ जायला बघे आणि म्हातारा बैल खुंट्याशी पडून राहायला. हॉर्न वाजला की दोघंही थबकत. थोरला त्यांच्या मागं काठी घेऊन फिरत होता, त्याचा डावा गुडघा प्रत्येक वळणावर बोलत होता. थोरली आकडीनं पेंढा उलटा करत होती. भुशाची धूळ तिच्या पापण्यांवर बसून त्या पांढऱ्या दिसत होत्या.

थांब्यावरची माणसं बघायला लागली. मोबाइल निघाले. एक तरुण बाई खांद्याची पिशवी सावरत कुंपणापाशी आली आणि थोरलीला म्हणाली, "मावशी, हे किती वाजेपर्यंत असतं?"

"काय?"

"हा कार्यक्रम. रविवारी असेल तर मुलांना आणते."

थोरलीनं आकडी जमिनीत टेकवली. "रविवारी नसतो. रविवारी कलाकारांना सुट्टी." तिनं बैलांकडं बोट केलं.

बाई हसली, बैलाबरोबर स्वतःचा फोटो काढून बसमध्ये चढली. थोरल्यानं ऐकलं होतं. त्यानं म्हाताऱ्या बैलाच्या पाठीत उगाच काठी घातली.

लिंबाखालची खुर्ची रिकामी होती. धाकटी आत होती. दुपारी तिनं पाण्याची कळशी आणून ठेवली आणि थोरलीला म्हणाली, "ताई, सावलीत बसा थोडं."

"बसते गं. तुझं काम बसवून ठेवलं आम्ही, निदान मी तरी बसते."

 धाकटीनं थोरलीच्या केसांतला भुसा दोन बोटांनी वेचला आणि गेली.

*

मळणी झाली. दाणा आणि भुसा यांचा एकत्र ढीग मधोमध लोटला. तिसऱ्या प्रहरी थोरला उफणायला तीन पायांच्या तिवईवर चढला. या वेळेला पश्चिमेकडून वारा येतो, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. वडील इथंच उभे राहत, तोंड मावळतीकडे थोडं तिरकं, आणि वारा यायचा. थोरलीनं टोपली भरून वर दिली. त्यानं ती डोक्याच्या उंचीवर धरून हलकेच कलती केली.

दाणा खाली पडला. भुसाही खाली पडला, त्याच जागी, त्याच्याच पायाशी.

"थांबू थोडं," तो म्हणाला.

ते थांबले. कानामागं घाम वाळेना. त्यानं चिमूटभर भुसा हवेत सोडून पाहिला, तो बोटांपासून सरळ रेषेत उतरला. मग त्यानं मान वर केली. मावळतीच्या बाजूला दोन इमारती शेजारी शेजारी उभ्या होत्या, उंच, पिवळ्या, प्रत्येक गॅलरीत कपडे. सर्वांत वरच्या गॅलरीतला टॉवेल फडफडत होता. खालच्या सगळ्या गॅलऱ्यांतले कपडे लोंबत होते.

मशीन बांधावर यायला लागल्यापासून त्यानं खळ्यात उफणलं नव्हतं. इमारती त्याच काळात उठल्या. त्या वाढताना त्यानं रोज पाहिल्या होत्या, आणि त्या वारा अडवतील हे त्याच्या एकदाही मनात आलं नव्हतं.

"झालं," थोरली म्हणाली. "वाऱ्यानंही फ्लॅट घेतला. वरच्या मजल्यावर."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. थोरला रोज दुपारी येऊन तिवईवर उभा राही, चिमूट सोडून बघे आणि उतरून बसे. थांब्यावरची माणसं आता बघत नव्हती. गाड्याही येत नव्हत्या. सकाळी वळणाकडून माणसांची रांग चालत येई, गाड्या तिकडं शेडमध्ये लावून. त्यांतले काहीजण धाकट्याला ओळख देत, काहीजण मोबाइलमध्ये बघत पुढं जात. धाकटा अंगणाच्या तोंडाशी उभा असे. हात जोडायला समोर कोणी नव्हतं, तरी उभा असे.

थोरल्याला ते दिसत होतं. त्यासाठीच तो सकाळीही येऊन बसायला लागला होता.

एके दुपारी धाकटा आतून टेबलफॅन घेऊन आला. लांबलचक वायर खिडकीतून सोडलेली. "दादा, यावर बघ. तिकडच्या शेतावर एकानं असंच केलंय. हळूहळू होतं, पण होतं."

पंख्याच्या जाळीला धाकटीच्या हातानं शिवलेलं फुलाफुलांचं कापडी झाकण होतं. धाकट्यानं ते काढून खिशात कोंबलं.

"तुझ्या बायकोच्या झोपेचा पंखा आहे तो," थोरला म्हणाला. "त्याच्यावर धान्य उफणू मी? लोक हसतील."

"लोक बघतायत कुठं आता?"

"ने तो आत. वारा येईल."

धाकटा पंखा छातीशी धरून उभा राहिला. मग वायर गुंडाळत गुंडाळत मागं सरकला आणि दारातून आत गेला.

थोरली ढिगापाशी बसली होती. तिनं मूठभर मिश्रण उचललं, तळव्यावर फुंकर मारली. भुसा उडाला, चार दाणे राहिले. ते तिनं तोंडात टाकले आणि चावले.

"तुम्हाला वारा नकोच आहे," ती म्हणाली.

"काहीही बोलू नकोस."

"मी बोलत नाही. गहू माझाही आहे. इथं पडून उंदरांनी नेला तरी चालेल तुम्हाला, पण त्याचं अंगण भरलेलं नको. हे मला कळतं, भाऊजींना कळतं, जाऊबाईला कळतं. बैलांना कळत असेल तर त्यांनी बोलून दाखवलं नाही एवढंच."

 थोरला तिवईवर चढला आणि त्यानं चिमूट सोडली.

*

शनिवारी इमारतींच्या माथ्यावर ढग आले. अवेळी आलेले, खालून काळे. हवा जड झाली, भुसा अंगाला चिकटायला लागला. ढिगावर टाकायला ताडपत्री होती, पण फाटकी. खळ्याला उतार घराकडून ढिगाकडं होता.

लेक त्या दिवशी लवकर आली. घामेजलेली, ओढणी गळ्याभोवती करकचून बांधलेली. बाप ताडपत्रीचं भोक दोन्ही हातांनी धरून बसला होता. ती त्याच्याशी चार दिवस बोलली नव्हती.

"बाबा, पावसात गेला तर कोंब येतील."

"मला सांगतेस?"

"नाही सांगत." तिनं ओढणी सोडली. "दोन्ही इमारतींच्या मधून तो रस्ता जातो ना, शेडकडून इकडं यायचा. तिथं वारा आहे."

"कुठला वारा? झाड हलत नाही."

"झाड हलणार नाही. इकडचं सगळं त्यांच्या आडोशाला आहे. पण भिंतीवर आदळलेली हवा कुठून तरी जाणारच ना. ती मधल्या फटीतून जाते. रुंद ओढ्याचं पाणी दोन खडकांमधून जोरात निघतं, तसं. सोमवारपासून रोज तिथून चालत येते मी, गाडी शेडमध्ये लावून. रोज ओढणी तोंडावर येते. परवा एकाची फाईलच उडाली." ती थांबली. "आधी कधी तिथून यावं लागलं नव्हतं, म्हणून माहीत नव्हतं."

शेवटचं वाक्य ती बापाकडं न बघता बोलली.

थोरला उठला. पोती भरायला घेतली. थोरली धरत होती, लेक घमेल्यानं ओतत होती. कोणी हाक मारली नव्हती, तरी धाकटा दारातून आला, त्यानं लुंगी वर खोचली, पोत्याचं तोंड धरलं आणि पाठीवर घेतलं. त्याची पाठ आता सवयीची नव्हती. पहिलंच पोतं त्यानं वाटेत दोनदा खाली टेकवलं.

*

फटीच्या तोंडाशी पोहोचताच थोरल्याची टोपी उडाली. ती भिंतीला चिकटून राहिली, कोणी बोटानं दाबून धरल्यासारखी.

पहारेकरी काठी घेऊन आला. "ओ, इथं काय? सामान खाली नाही टाकायचं. रहदारीचा रस्ता आहे."

थोरल्यानं तोंड उघडलं.  या जागेवर त्याच्या ओळखीच्या माणसाची बाभळीची रांग होती, एवढंच त्याला आठवत होतं.

मागून धाकटा पोतं घेऊन आला. पहारेकऱ्याची काठी खाली गेली. "अरे, तुम्ही का? हे तुमचे कोण?"

"थोरला भाऊ."

"मग आधी नाही का सांगायचं. करा, करा. फक्त लोक यायच्या आत झाडून घ्या, नाहीतर माझी खरडपट्टी." मग थोरल्याकडं वळून म्हणाला, "माझी सायकल यांच्याकडेच असते. फुकट ठेवतात, सांगू नका कोणाला."

थोरल्यानं मान हलवली. आपल्या गहू-ज्वारीवर वाढलेल्या गावात उभं राहायला आज त्याला भावाची ओळख लागली होती.

तो तिवईवर चढला. वारा इतका जोराचा होता की तिवई सरकली. धाकट्यानं खाली बसून तिचे दोन पाय दोन्ही हातांनी धरले. थोरलीनं टोपली वर दिली. थोरल्यानं ती कलती केली आणि दाणा सळसळत सरळ खाली आला, भुसा वेगळा होऊन पिवळ्या पडद्यासारखा रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडं निघून गेला. टोपलीमागून टोपली गेली. त्याच्या खांद्यांना ती लय आपोआप सापडली. दाण्याचा ढीग स्वच्छ, तांबूस, वर वर चढत होता.

पण तिवई वाऱ्याच्या तोंडावर होती आणि धाकटा तिच्या खालच्या बाजूला. सगळा बारीक कोंडा त्याच्या डोळ्यांत जात होता. तो मिटून घेत होता, पाणी गालांवरून वाहत होतं, आणि पुसायला हात मोकळे नव्हते.

"सोड, डोळे पूस," थोरला म्हणाला.

"सोडलं तर पडशील."

आणखी टोपल्या गेल्या.

"लोक परत येतील का तुझ्याकडं?" थोरल्यानं वरूनच विचारलं. वाऱ्यात त्याला ओरडूनच विचारावं लागलं.

"नाही येणार. तिकडं सावली आहे." धाकटा डोळे मिटूनच बोलत होता. "त्या शेडवर माणूस हवाय. पावत्या फाडायला, शिट्टी मारायला. टोपी देतात. मला बोलावलंय. सोमवारी जातो."

थोरल्यानं टोपली धरून ठेवली.

"खळं तूच ठेव दादा आता," धाकटा म्हणाला. "मला काय उपयोग त्याचा."

कितीतरी रात्री थोरल्यानं हेच वाक्य भावाच्या तोंडी घालून पाहिलं होतं. वेगवेगळ्या प्रकारे, कधी रडक्या आवाजात, कधी चारचौघांत. असं डोळे मिटून, तिवई धरून तो ते म्हणेल असं त्याला वाटलं नव्हतं. शिट्टी तोंडात धरून गाड्यांना मागं घेणारा, दुसऱ्याच्या फरशीवर उभा राहणारा भाऊ त्याला दिसला. टोपी त्याला मोठी होत होती.

"अहो, टोपली," थोरली खालून म्हणाली.

त्यानं ती ओतली.

संध्याकाळची पहिली बस आली. उतरलेली माणसं फटीतून येऊ लागली, पिशव्या तोंडापुढं धरून, "अरे काय आहे हे" म्हणत. लेक केरसुणीनं त्यांच्यासाठी कडेनं वाट काढून देत होती. शेवटची टोपली झाली तेव्हा मोठे, विरळ थेंब पडायला लागले होते. चौघांनी पोती पहारेकऱ्याच्या खोपीच्या पत्र्याखाली ओढली.

*

सोमवारी उजाडता उजाडता थोरला खळ्यात गेला. पाऊस शनिवारी थोडाच पडून गेला होता. जमीन कडक झाली होती. अंगण लख्ख झाडलेलं, खुर्ची उलटी करून भिंतीला टेकवलेली. आतून पाण्याचा आवाज येत होता, धाकटा दाढी करत असावा.

थोरल्यानं मधला खुंटा दोन्ही हातांनी हलवला, ढिला केला आणि उपटला. खड्ड्यात माती लोटून पायानं दाबली. खुंटा खांद्यावर टाकून तो निघणार तेवढ्यात रस्त्यावर एक मोटारसायकल थांबली. चष्मेवाला तरुण, जेवणाचा डबा हँडलला अडकवलेला. त्यानं एक पाय खाली टेकवून आत पाहिलं.

"काका, इथं गाड्या लावायचं बंद झालं ना?"

थोरल्यानं त्याच्याकडं पाहिलं. हो म्हटलं असतं तर गाडी पुढं गेली असती. तरुणाचा हात गिअरकडे गेलाही होता.

"बंद नाही," थोरला म्हणाला. "मळणी होती. झाली."

"सुटलो. त्या शेडवाल्यानं परवा माझ्या गाडीचा आरसा मोडला, वर मलाच बोलला. मागं अजून दोघं येतायत माझ्याबरोबरचे, त्यांनाही सांगतो." त्यानं गाडी आत घेतली. चाकाखाली सारवणाचा पापुद्रा कुरकुरत फुटला. "जागा तुमची का?"

थोरल्यानं खुंटा एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतला.

"मालक आत आहे," तो म्हणाला. "हाक मारा."

तरुणानं हाक मारली. धाकटा बाहेर आला, एका गालावर साबण तसाच. गाडी बघून तो पायरीवरच थांबला. मग त्याचं तोंड असं काही उजळलं की थोरल्यानं मान वळवली आणि शेताच्या वाटेला लागला. गाडी आत घ्यायला सांगणं जमलं होतं. ते तोंड बघणं त्याच्यानं होणार नव्हतं.